होस्टवर ट्रंक नीट येतोय, पण व्हीएममध्ये दोन व्हीलॅन पोहोचत नाहीत

टॅगशोध

नमस्कार मंडळी. डेबियन १२ (लिनक्स) चा होस्ट आहे, म्हणजे व्हीएम (आभासी मशिनं) चालवणारं खरं मशिन. त्यावर केव्हीएम आणि लिबव्हर्ट, व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर. स्विचकडून होस्टला एकच केबल येते आणि ती ट्रंक आहे, म्हणजे एकाच तारेवरून अनेक व्हीलॅन (वेगवेगळी आभासी नेटवर्कं) जातात आणि प्रत्येक फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) तिच्या व्हीलॅनच्या नंबराचा टॅग असतो. त्यावर चार व्हीलॅन: १० व्यवस्थापनासाठी, २० ऑफिसच्या पीसींसाठी, ३० कॅमेऱ्यांसाठी, ४० पाहुण्यांच्या वायफायसाठी. होस्टचं कार्ड ईएनपी३एस०, ते बीआर० या साध्या लिनक्स ब्रिजमध्ये (होस्टच्या आतला सॉफ्टवेअर स्विच) टाकलंय. ब्रिजवर व्हीलॅनचं कुठलंही सेटिंग केलेलं नाही. होस्टचा स्वतःचा आयपी १९२.१६८.१०.५, तो ईएनपी३एस०.१० या उप-इंटरफेसवर (त्या कार्डावर बनवलेलं फक्त व्हीलॅन १० चं आभासी कार्ड) आहे.

व्हीएममध्ये ओपीएनसेन्स (राउटर-फायरवॉल) चालतं. त्याला व्हर्टआयओचं (व्हीएमसाठीचं आभासी) एकच कार्ड दिलंय (होस्टकडून पाहिलं तर व्हीनेट०) आणि चारही व्हीलॅन आत बनवलेत. चौघांचाही गेटवे हीच व्हीएम.

२० आणि ४० उत्तम चालतात. १० वर व्हीएममधून स्विचला (१९२.१६८.१०.२) पिंग लागत नाही, होस्टलाही लागत नाही. होस्टवरून स्विचला मात्र लागतं. ३० वर काहीच नाही.

टीसीपीडंप (येणाऱ्या-जाणाऱ्या फ्रेमा दाखवणारं साधन) असं दाखवतं: व्हीलॅन १० साठी ईएनपी३एस० वर एआरपीची विचारणा (या आयपीचा मॅक, म्हणजे कार्डाचा हार्डवेअर पत्ता, कोणता) बाहेर जाताना दिसते आणि स्विचचं उत्तर आत येतानाही दिसतं. व्हीनेट० वर फक्त विचारणा, उत्तर नाही. व्हीलॅन ३० साठी ईएनपी३एस० वर विचारणा बाहेर जाते, पण परत काही येत नाही.

दोन प्रश्न. हे दोन व्हीलॅन कुठे अडतायत? आणि ट्रंकच्या भानगडीत न पडता व्हीएमला सरळ चार कार्डं द्यावीत का? शाखांमध्ये व्हीएम चालवायला एका ठिकाणी ईएसएक्सआय आहे, एका ठिकाणी हायपर-व्ही. तिथेही हीच रचना न्यायची आहे.

केबलकट्टा

तुमच्या डंपमध्येच उत्तर आहे. १० आणि ३० हे दोन वेगळे बिघाड आहेत, ते एकत्र बघू नका. मी १० बद्दल लिहितो.

लिनक्स कर्नलमध्ये फ्रेम कार्डावर आली की क्रम ठरलेला असतो. आधी ती टीसीपीडंपसारख्या ऐकणाऱ्यांना दाखवली जाते. मग टॅग पाहिला जातो: या कार्डावर या नंबरचा व्हीलॅन उप-इंटरफेस आहे का? असेल तर फ्रेम त्याच्या हवाली. नसेल तरच ती ब्रिजकडे जाते. म्हणजे ईएनपी३एस०.१० अस्तित्वात आहे तोवर बाहेरून आलेली १० टॅगची एकही फ्रेम बीआर० ला दिसणार नाही. स्विचचं एआरपी उत्तर व्हीएमच्या मॅक पत्त्यावर येतं, ईएनपी३एस०.१० ते उचलतं, पत्ता आपला नाही असं पाहून टाकून देतं. कुठे एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. २० आणि ४० चे उप-इंटरफेस होस्टवर नाहीत, म्हणून ते सुखरूप ब्रिजमध्ये पोहोचतात.

बाहेर जाताना ही अडचण येत नाही. व्हीएमची फ्रेम ब्रिजमधून थेट ईएनपी३एस० वर उतरते आणि तारेवर जाते. म्हणून विचारणा दिसते आणि उत्तर हरवतं. ब्रिजवर असं एकतर्फी चित्र दिसलं की पहिली शंका हीच घ्यायची.

व्हीएममधून होस्टला पिंग न लागण्याचं कारण थोडं निराळं. व्हीएमची फ्रेम तारेवरून स्विचकडे जाते, आणि स्विच ज्या पोर्टवरून फ्रेम आली त्याच पोर्टवर ती परत पाठवत नाही. ईएनपी३एस०.१० ला फक्त तारेवरून येणारं कळतं, ब्रिजमधून बाहेर जाणारं कळत नाही. दोघं एकाच मशिनवर असून एकमेकांना भेटू शकत नाहीत.

उपाय: होस्टचा आयपी कार्डावरून काढून ब्रिजवर न्या. ईएनपी३एस०.१० पूर्ण काढून टाका, बीआर०.१० बनवा आणि १९२.१६८.१०.५ तिथे द्या. इंटरफेसेस फाइलमध्ये ईएनपी३एस० ला 'मॅन्युअल', बीआर० ला 'मॅन्युअल' आणि 'ब्रिज पोर्ट्स ईएनपी३एस०', मग बीआर०.१० ला 'स्टॅटिक' करून पत्ता आणि गेटवे. यानंतर १० ची फ्रेम आधी ब्रिजमध्ये येते. होस्टच्या मॅकसाठी असेल तर वर बीआर०.१० कडे, व्हीएमच्या मॅकसाठी असेल तर व्हीनेट० कडे, ब्रॉडकास्ट असेल तर दोघांकडे. व्हीएम आणि होस्ट यांचं बोलणंही ब्रिजच्या आतच होतं.

दोन सावधगिरी. तुम्ही एसएसएचने त्याच १० वरून आत असाल, तर हा बदल करताना पायाखालची जमीन जाईल. समोर बसून करा किंवा आयपीएमआयच्या (होस्टचं नेटवर्क बंद असलं तरी दूरून स्क्रीन दाखवणाऱ्या) कन्सोलवरून करा. तेही नसेल तर जुनी फाइल बाजूला ठेवा, 'सिस्टिमडी-रन' ला 'ऑन-ॲक्टिव्ह' पाच मिनिटांचा देऊन जुनी फाइल परत आणून नेटवर्क उठवणारी स्क्रिप्ट लावा, मग बदल करा. सगळं ठीक चाललं की तो टायमर थांबवा.

दुसरी, ब्रिजचा मॅक पत्ता फाइलमध्ये स्पष्ट लिहून टाका. तो लिहिलेला नसेल तर ब्रिज आपल्या पोर्टांपैकी सगळ्यात लहान मॅक उचलू शकतो, आणि पोर्ट बदलले की होस्टचा मॅकही बदलतो. लिबव्हर्ट व्हीनेटच्या मॅकची सुरुवात 'एफई' ने करतं ते याचसाठी: तो आकडा मोठा राहावा आणि ब्रिजने उचलू नये. पण उद्या दुसरं कार्ड त्या ब्रिजमध्ये टाकलंत तर हे संरक्षण पुरणार नाही.

स्विचरूम

३० चं मी पाहतो. विचारणा टॅगसकट बाहेर जाते आणि परत काहीच येत नाही, कॅमेऱ्यांचे ब्रॉडकास्टसुद्धा नाहीत, तर होस्टवर वेळ घालवू नका. फ्रेम स्विचमध्ये अडतेय.

सिस्को पद्धतीचा स्विच असेल तर 'शो इंटरफेसेस ट्रंक' चालवा आणि पूर्ण वाचा. बरेच जण पहिली यादी पाहून थांबतात. तिथे व्हीलॅनच्या तीन याद्या असतात. पहिली, या ट्रंकवर कुठले व्हीलॅन चालतील असं कॉन्फिगमध्ये लिहिलंय. दुसरी, त्यातले कुठले स्विचवर प्रत्यक्ष बनवलेले आणि चालू आहेत. तिसरी, त्यातले कुठले स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचमधले लूप रोखणारी यंत्रणा) फॉरवर्डिंग अवस्थेत आहेत आणि छाटलेले नाहीत. ३० पहिलीत आहे आणि दुसरीत नाही, तर स्विचवर 'व्हीलॅन ३०' बनवलेलाच नाही. ट्रंकच्या परवानगीत नंबर लिहिला म्हणून व्हीलॅन जन्माला येत नाही. दुसरीत आहे आणि तिसरीत नाही, तर स्पॅनिंग ट्रीने अडवलाय किंवा व्हीटीपीने (व्हीलॅनच्या याद्या स्विचमध्ये वाटणारी सिस्कोची यंत्रणा) छाटलाय. पहिलीतच नसेल तर यादीत घाला.

यादीत घालताना 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०' असंच लिहा. 'ॲड' शब्द गाळून 'अलाउड व्हीलॅन ३०' लिहिलंत तर आधीची सगळी यादी जाऊन फक्त ३० उरतो, आणि होस्टसकट सगळ्या व्हीएम एका क्षणात गायब.

कॅमेऱ्यांचा स्विच वेगळा असेल तर मधल्या प्रत्येक ट्रंकवर, दोन्ही टोकांना, हीच तपासणी करा. वाटेतल्या एका स्विचला ३० ठाऊक नसला तरी लक्षण हेच दिसतं.

वेबपेजवरून चालणारे स्वस्त स्विच असतील तर तिथे दोन वेगळी पानं असतात: एकावर व्हीलॅनचं सदस्यत्व (टॅग्ड की अनटॅग्ड), दुसऱ्यावर पोर्टचा पीव्हीआयडी (टॅगशिवाय आलेली फ्रेम ज्या व्हीलॅनमध्ये टाकायची त्याचा नंबर). कॅमेऱ्याचा पोर्ट ३० मध्ये अनटॅग्ड सदस्य केला आणि पीव्हीआयडी १ च राहिला, तर कॅमेऱ्याकडे जाणारं ३० मधून जातं आणि कॅमेऱ्याकडून येणारं १ मध्ये पडतं.

होस्टच्या पोर्टवर आणखी काय असावं तेही लिहून ठेवतो. 'स्विचपोर्ट मोड ट्रंक' आणि 'नॉननिगोशिएट', कारण लिनक्स डीटीपी (ट्रंक आपोआप ठरवायची सिस्कोची बोली) बोलत नाही. 'पोर्टफास्ट' (पोर्ट न थांबता लगेच चालू करणारं सेटिंग) साधा नको, ट्रंकसाठीचा द्या. साधा ट्रंकवर लागू होत नाही आणि होस्ट रिबूट झाला की पोर्ट अर्धा मिनिट ऐकत-शिकत बसतो. नेटिव्ह व्हीलॅन (टॅग नसलेल्या फ्रेमा जिथे जातात तो) एखादा न वापरलेला नंबर ठेवा, समजा ९९९, म्हणजे चुकून टॅगशिवाय निघालेली फ्रेम १ मध्ये जाऊन कुणाच्या घरात शिरणार नाही.

'बीपीडीयू गार्ड' (स्पॅनिंग ट्रीच्या बीपीडीयू फ्रेमा आल्या की पोर्ट बंद करणारं सेटिंग) लावणार असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. लिनक्स ब्रिजवर स्पॅनिंग ट्री बंद असेल तर तो बीपीडीयू फ्रेमा पुढे ढकलतो. ओपीएनसेन्सच्या आत कुणी दोन इंटरफेसचा ब्रिज करून स्पॅनिंग ट्री चालू केला, तर त्या व्हीएमचे बीपीडीयू थेट स्विचला पोहोचतात. स्विच पोर्ट 'एरर-डिसेबल्ड' करतो आणि एका व्हीएमच्या सेटिंगमुळे पूर्ण होस्ट बंद पडतो. गार्ड काढू नका, तो हवाच. व्हीनेटवरच बीपीडीयू अडवा: ईबीटेबल्सच्या (ब्रिजवरच्या फ्रेमा गाळणारं साधन) फॉरवर्ड साखळीत, येणारा इंटरफेस व्हीनेट०, गंतव्य 'बीजीए', कृती 'ड्रॉप'. बीजीए म्हणजे ०१:८०:सी२:००:००:०० हा ब्रिज गटाचा पत्ता. ईबीटेबल्सला तो या नावानेच कळतो.

रॅक४२

केबलकट्टांचा उपाय बरोबर आहे आणि आज चालेल. पण मी साधा ब्रिज तसाच ठेवणार नाही. त्याला व्हीलॅन कळत नाहीत, म्हणून तो ट्रंकवरचं सगळं व्हीएमला देतो. उद्या स्विचवर पगाराच्या सर्व्हरसाठी व्हीलॅन ५० आला की तोही न मागता ओपीएनसेन्सच्या दारात. त्याच ब्रिजवर एखादी चाचणीची व्हीएम असेल तर तिच्या आत कुणीही ५० चा उप-इंटरफेस बनवून बसू शकतो. व्हीएमला कुठले टॅग द्यायचे हे होस्टने ठरवलं पाहिजे, गेस्टवर (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमवर) सोडायचं नाही.

म्हणून ब्रिजला व्हीलॅन गाळायला लावा. क्रम महत्त्वाचा. 'व्हीलॅन फिल्टरिंग' चालू केल्या क्षणी प्रत्येक पोर्टवर फक्त पीव्हीआयडी १ उरतो आणि सगळी टॅग्ड वाहतूक तिथेच थांबते. फिल्टरिंग बंद असतानाही नंबर नोंदवता येतात, तेव्हा आधी नोंदणी आणि मग फिल्टरिंग चालू:

ब्रिज व्हीलॅन ॲड, डेव्ह ईएनपी३एस०, व्हीआयडी १०; मग तसेच २०, ३०, ४०.
ब्रिज व्हीलॅन ॲड, डेव्ह व्हीनेट०, व्हीआयडी १०. मग तसेच २०, ३०, ४०.
ब्रिज व्हीलॅन ॲड, डेव्ह बीआर०, व्हीआयडी १०, सेल्फ.
आयपी लिंक सेट, डेव्ह बीआर०, टाइप ब्रिज, व्हीलॅन फिल्टरिंग १.

तिसऱ्या ओळीतला 'सेल्फ' विसरलात तर व्हीएम चालतील आणि होस्टचा बीआर०.१० मुका होईल. ब्रिज स्वतःही एक पोर्टच आहे, त्यालाही १० ची परवानगी लागते. चारही झाल्यावर 'ब्रिज व्हीलॅन शो' पाहा. व्हीनेट० समोर १ नंबर 'पीव्हीआयडी, इग्रेस अनटॅग्ड' म्हणून अजून दिसेल, तो व्हीनेट० वरून काढून टाका. मग गेस्टकडून टॅगशिवाय येणारी फ्रेम दारातच पडते.

व्हीएम बंद होऊन पुन्हा सुरू झाली की व्हीनेट० नवा बनतो आणि त्यावरची नोंदणी जाते. हाताने दिलेल्या कमांड दोन आठवडे चालतात आणि एखाद्या रविवारी अपडेटनंतर सगळं बंद, असा अनुभव येतो तो यामुळे. लिबव्हर्टच्या हुक्स (ठरल्या घटनेला आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टांच्या) फोल्डरमध्ये 'क्यूइएमयू' नावाची स्क्रिप्ट ठेवा. तिला पहिला पॅरामीटर व्हीएमचं नाव आणि दुसरा घटना मिळते. घटना 'स्टार्टेड' असेल तेव्हा नोंदणीच्या ओळी चालवा. व्हीनेटचा नंबर गृहीत धरू नका, व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये 'टार्गेट डेव्ह' देऊन नाव पक्कं करा. ते नाव 'व्हीनेट' ने सुरू होता कामा नये, तसं नाव लिबव्हर्ट फेकून देतं आणि स्वतःचं देतं. लिनक्स ब्रिजऐवजी ओपन व्हीस्विच वापरत असाल तर ही स्क्रिप्ट लागत नाही. एक्सएमएलमधल्या 'व्हीलॅन' घटकाला 'ट्रंक येस' देऊन आत टॅगांची यादी लिहायची.

प्रॉक्समॉक्सवर (केव्हीएमवरच बेतलेलं, वेबपेजवरून चालणारं सॉफ्टवेअर) असाल तर 'व्हीलॅन अवेअर' ची खूण केली की ब्रिजचं काम ते सांभाळतं. तिथल्या खाचाखोचा वेगळ्या. व्हीएमच्या कार्डावर 'व्हीलॅन टॅग' चा रकाना भरला की ते कार्ड एकाच व्हीलॅनचं होतं आणि व्हीएमला टॅग काढून फ्रेम मिळते. तो रकाना २० भरून आत पुन्हा व्हीलॅन २० बनवला तर काहीच चालत नाही. टॅग काढण्याचं काम वाटेत एकाच ठिकाणी व्हायला हवं: होस्टवर किंवा गेस्टमध्ये. ट्रंक द्यायचा तर रकाना रिकामा. तेवढ्यावर सोडलं तर ब्रिजवरचे सगळे नंबर आत जातात, म्हणून 'क्यूएम सेट' ने 'ट्रंक्स' ची यादी द्या. ही यादी अर्धविरामाने तोडायची असते आणि शेलला अर्धविराम म्हणजे कमांडचा शेवट वाटतो, त्यामुळे अवतरणात ठेवा. शिवाय नेट० पुन्हा लिहिताना जुना मॅक पत्ता लिहायला विसरू नका. नुसतं 'व्हर्टआयओ' लिहिलं तर नवा मॅक तयार होतो.

प्रॉक्समॉक्सवर व्हीलॅन अवेअर न करता साधा ब्रिज ठेवला आणि एखाद्या व्हीएमला टॅग २० दिला, तर ते मागच्या मागे कार्डावर २० चा उप-इंटरफेस आणि त्याचा वेगळा ब्रिज बनवतं. त्याच क्षणी ट्रंकवर बसलेल्या ओपीएनसेन्सचा २० बंद होतो. केबलकट्टांनी सांगितलेलाच चोर, फक्त हाताने न बनवलेला.

मोठी रेंज देताना कार्डाची मर्यादा पाहा. २ ते ४०९४ असं सरसकट लिहिलं की कर्नल प्रत्येक नंबर कार्डाच्या हार्डवेअर यादीत नोंदवायला जातो. कनेक्टएक्स-४ सारख्या कार्डात ती यादी ५१२ ला भरते आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) तक्रार येते. लागतात तेवढेच नंबर लिहा, प्रश्नच मिटतो.

केबलकट्टा

टीसीपीडंपबद्दल एक जोडतो, कारण ट्रंकवर ते हमखास फसवतं. 'आयसीएमपी' किंवा 'होस्ट अमुक' असा फिल्टर लावला आणि काही दिसलं नाही, म्हणून फ्रेम येत नाही असं समजू नका. टॅग पॅकेटमध्येच असेल तर फिल्टर चार बाइट चुकीच्या जागी वाचतो. कार्डाने टॅग आधीच सोलून बाजूला ठेवला असेल तर तोच फिल्टर बरोबर चालतो. म्हणजे एकच कमांड एका इंटरफेसवर खरी आणि दुसऱ्यावर खोटी. सुरुवातीला फिल्टर लावूच नका. 'टीसीपीडंप -ई -एनएन -आय व्हीनेट०' चालवा, 'ई' मुळे टॅग छापला जातो, आणि ग्रेपने 'व्हीलॅन ३०' शोधा.

आणि डंप चालू असताना सगळं सुरळीत, बंद केला की बंद, असं झालं तर कार्डाकडे बघा. टीसीपीडंप कार्डाला प्रॉमिस्क्युअस (दुसऱ्यांच्या फ्रेमाही घेणारं) करतं आणि त्या अवस्थेत बहुतेक कार्डांची व्हीलॅन गाळणी सुटते. 'इथटूल' ने 'आरएक्स-व्हीलॅन-फिल्टर' बंद करून पाहा. काही कार्डांवर तो 'फिक्स्ड' असतो, तिथे बंद होत नाही.

फ्रेम कुठल्या पोर्टावर आणि कुठल्या व्हीलॅनमध्ये शिकली गेली हे 'ब्रिज एफडीबी शो' मध्ये दिसतं. व्हीएमचा मॅक ईएनपी३एस० समोर दिसला तर तीच फ्रेम बाहेरून फिरून परत येतेय. म्हणजे कुठेतरी लूप आहे.

स्विचरूम

शाखांबद्दल.

ईएसएक्सआयच्या साध्या व्हीस्विचवर पोर्ट ग्रुपचा व्हीलॅन आयडी ४०९५ द्या. ० म्हणजे टॅगचं काम बाहेरच्या स्विचकडे, १ ते ४०९४ म्हणजे व्हीस्विच टॅग काढून देईल, ४०९५ म्हणजे सगळं जसंच्या तसं गेस्टला. यात ठरावीक नंबर निवडता येत नाहीत, तेव्हा गाळणी बाहेरच्या स्विचवर करा. डिस्ट्रिब्युटेड स्विच असेल तर तिथे 'व्हीलॅन ट्रंकिंग' निवडून नंबर लिहिता येतात, तेच वापरा. प्रॉमिस्क्युअस मोड सरसकट चालू करायचा सल्ला खूप जण देतात. नुसत्या राउटर व्हीएमला तो लागत नाही, कारण तिचे सगळे व्हीलॅन एकाच मॅकवरून बोलतात. दोन ओपीएनसेन्स कार्पवर (एक बंद पडला की दुसरा त्याचा पत्ता घेतो असे) जोडायचे असतील किंवा गेस्टच्या आत ब्रिज असेल तेव्हा लागतो. विनाकारण ठेवला तर त्या पोर्ट ग्रुपला व्हीस्विचवरची नको ती वाहतूक मिळते आणि सीपीयूही जातो.

हायपर-व्हीच्या खिडकीत ट्रंकचा पर्याय नाही, तिथे एकच नंबर टाकता येतो. पॉवरशेलमधून 'सेट-व्हीएमनेटवर्कॲडॅप्टरव्हीलॅन', व्हीएमचं नाव, 'ट्रंक', 'अलाउडव्हीलॅनआयडीलिस्ट' मध्ये "१०,२०,३०,४०" आणि 'नेटिव्हव्हीलॅनआयडी'. नेटिव्ह दिल्याशिवाय कमांड पुढे जात नाही. व्हीएमला एकापेक्षा जास्त कार्डं असतील तर ॲडॅप्टरचं नाव द्या, नाहीतर सगळ्यांवर ट्रंक लागेल. नंतर खिडकीत जाऊन त्याच कार्डाच्या व्हीलॅन सेटिंगला हात लावू नका.

एसआर-आयओव्हीचा (एका खऱ्या कार्डाचे आभासी भाग, म्हणजे व्हीएफ, थेट व्हीएमना देण्याचा) विचार असेल तर तोल पाहा. व्हीएफला होस्टवरून व्हीलॅन नंबर दिला की ते एकाच व्हीलॅनचं कार्ड होतं. नंबर ० ठेवला तर गेस्ट स्वतः व्हीलॅन बनवतो, पण मग लिनक्स ब्रिज वाटेत नसतो आणि रॅक४२ म्हणतात ती होस्टची गाळणीही नसते. इंटेलच्या ८२५९९ मध्ये व्हीलॅनच्या यादीत ६४ जागा आहेत आणि त्या सगळ्या व्हीएफमध्ये वाटल्या जातात. चार व्हीलॅनच्या राउटरसाठी व्हर्टआयओ पुरेसं आहे.

रॅक४२

चार कार्डं की ट्रंक, याचं उत्तर राहिलं. व्हीएमला एक किंवा दोन व्हीलॅन लागत असतील तर प्रत्येकी एक कार्ड द्या आणि टॅग होस्टवर काढा. गेस्टमध्ये काही करावं लागत नाही, आणि गेस्ट फुटला तरी तो दुसऱ्या व्हीलॅनमध्ये उडी मारू शकत नाही. फाइल सर्व्हर, डेटाबेस यांना ट्रंक देऊच नये.

राउटर किंवा फायरवॉलची गोष्ट वेगळी. तिथे व्हीलॅन वाढत जातात. ईएसएक्सआय एका व्हीएमला जास्तीत जास्त १० कार्डं देतं. शिवाय नवं कार्ड जोडल्यावर गेस्टमध्ये कार्डांचा क्रम बदलला तर २० चे नियम ४० वर लागू होण्याचा धोका असतो, आणि फायरवॉलमध्ये यापेक्षा वाईट काही नाही. तुमच्या ओपीएनसेन्सला ट्रंकच ठेवा, चार नंबरांपुरता.

एका कार्डावर सगळं आलं की एका रांगेवरही सगळं येतं. लिबव्हर्टमध्ये कार्डाच्या 'ड्रायव्हर' घटकाला 'क्यूज' चा आकडा व्हीएमच्या सीपीयूंइतका द्या.

टॅगशोध

दोन्ही लागले. बीआर०.१० वर आयपी नेल्यावर १० लगेच आला. ३० स्विचच्या दुसऱ्या यादीत नव्हता. बनवल्यावर कॅमेरे दिसले. फिल्टरिंगही चालू केलं, 'ब्रिज व्हीलॅन शो' मध्ये व्हीनेट० समोर आता चारच नंबर आहेत.

एक उरलं. त्याच होस्टवर व्हीलॅन २० मध्ये एक उबंटूची व्हीएम आहे (ती एका व्हीलॅनवर, टॅग होस्टवर निघतो). तिच्यातून ओपीएनसेन्समार्गे ४० मधल्या मशिनला पिंग लागतं, नावं सापडतात, पण वेबपेज उघडत नाही, एसएसएच अडकतं. बाहेरच्या पीसीवरून तेच सगळं चालतं.

केबलकट्टा

बाहेरचा पीसी चालतो आणि त्याच होस्टवरची व्हीएम चालत नाही, पिंग चालतं आणि टीसीपी नाही: हे चेकसमचं (पॅकेट बिघडलं नाही हे तपासायच्या आकड्याचं) लक्षण आहे. व्हर्टआयओवर एका व्हीएमकडून त्याच होस्टवरच्या दुसऱ्या व्हीएमकडे जाणारं पॅकेट तारेवर उतरतच नाही. म्हणून टीसीपीचा चेकसम 'पुढे कार्ड भरेल' म्हणून अर्धवट सोडलेला असतो. दोन लिनक्स एकमेकांत हे सांभाळून घेतात. ओपीएनसेन्सच्या खालचं फ्रीबीएसडी ते पॅकेट फायरवॉलमधून काढून पुढे पाठवतं तेव्हा चेकसम चुकीचा ठरतो आणि पलीकडचं मशिन ते टाकून देतं. पिंगचा चेकसम गेस्ट स्वतःच पूर्ण भरतो, म्हणून पिंग पास. बाहेरून येणाऱ्या पॅकेटचा चेकसम तारेवर खराच असतो, म्हणून पीसी पास.

ओपीएनसेन्समध्ये इंटरफेसेसखाली सेटिंग्जमध्ये हार्डवेअर चेकसम, टीएसओ आणि एलआरओ (मोठी पॅकेट कार्डाकडून तोडून-जोडून घेणं) या तिन्ही ऑफलोडिंग बंद करा. तिथेच व्हीलॅनची हार्डवेअर गाळणी आहे, तीही बंद करा. व्हीएम रिबूट करा. नुसतं सेव्ह केल्यावर चालू इंटरफेसवर सगळं लागू होईलच असं नाही. पडताळा घ्यायचा तर ४० मधल्या मशिनवर 'टीसीपीडंप -व्हीव्ही' मध्ये येणाऱ्या पॅकेटसमोर चेकसम 'इनकरेक्ट' दिसतो का पाहा. बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर तो शब्द दिसणं नेहमीचं आहे, त्याकडे लक्ष देऊ नका.

हे करूनही मोठी पानं अर्ध्यात थांबली तरच एमटीयूकडे (एका फ्रेममध्ये मावणाऱ्या डेटाची मर्यादा) वळा. टॅगचे ४ बाइट धरून पूर्ण फ्रेम १५१८ ची १५२२ होते. आजची कार्डं आणि स्विच ते पेलतात, पण जुना स्विच किंवा मधला मीडिया कन्व्हर्टर अडवू शकतो. २० मधून ४० कडे 'पिंग -एम डू -एस १४७२' करा. १४७२ अडलं आणि १४६८ गेलं, तर टॅगच्या चार बाइटांना जागा न देणारं उपकरण त्याच वाटेवर आहे. व्हीएमचा एमटीयू कमी करून ते झाकू नका, उपकरण शोधून बदला. बीआर०, व्हीनेट० आणि ईएनपी३एस० तिघांचाही एमटीयू १५०० च ठेवा. लिनक्स टॅगचे चार बाइट त्यात मोजत नाही.